मोठा केला तरी न फुटणारा फोटो

२ जानेवारी, शुक्रवार

आईला फोटो हवाय. स्वतःचा!

कॅमेरा समोर आला की जी बाई पदर तोंडावर ओढून घ्यायची, तिनं आज सकाळी गावाहून फोन केला. मी भाकरी थापत होते. "दीपे, माझा एक चांगला फोटू हुडकून ठीव. हात जोडल्याला. डोक्यावर पदर, सरळ समोर बघत्याला. आन् मोठा केला तर फुटाय नको, तुझ्या आबांच्यावानी."

"कशाला गं?"

"लागंल की." फोन बंद.

तव्यावरची भाकरी करपली.

आबा गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी हार घालायला एक धड फोटो घरात नव्हता. चुलतभाऊ अमृत धावत स्टुडिओत गेला आणि मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तेव्हापासून गावाकडच्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचे आबा आहेत. यादीत नाव सापडत नसल्यासारखे कपाळाला आठ्या घालून बघत असतात.

आई एकाहत्तरची. एकटी राहते. सांगलीला ये म्हणून मी चार वर्षं घसा कोरडा करतेय. आणि आता तिला न फुटणारा फोटो हवाय. मला काय कळत नाही होय?

४ जानेवारी, रविवार

आमच्या कॉम्प्युटरवर चौदा हजारांवर फोटो आहेत. तीन जुने फोन, दोन पेन ड्राइव्ह, लग्नांच्या सीड्या, गावाकडचा ग्रुप — जे आलं ते ओतत गेलो. फोल्डरांची नावं: 'नवीन', 'नवीन २', 'दीपा महत्त्वाचे', 'दीपा महत्त्वाचे खरंच'. यात आईला शोधायची कुठं? निम्मे तर शुभ सकाळचे गुलाब!

आमचे हे म्हणाले, "एकेक उघडून बघ की." जयराजराव कुपवाडच्या कारखान्यात वर्षानुवर्षं स्टोअर सांभाळतात. तिथं नटबोल्टसुद्धा खणात आकारानं लावलेले. घरात मात्र एकेक उघडून बघ!

शिवतेजला पुण्याला फोन केला. "मम्मी, हातानं नको शोधूस. फोटो लावायची सॉफ्टवेअरं असतात. दोनतीन टाकून बघ, आवडेल ते ठेव."

कशाला शोधतेय ते लेकाला सांगितलं नाही.

तर आता स्थळं बघायची. शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर दाखले टाइप करते, कॉम्प्युटरला भीत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

पहिलं स्थळ — कॉम्प्युटरबरोबर आयतं आलेलं. दिसायला नीटनेटकं. सगळे फोटो तारखेनुसार लावून देतो म्हणालं. लावलेही.

पण आमच्या जुन्या कॅमेऱ्यात तारीख घालायची असते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं! त्यामुळं शिवतेजचं जावळ, नणंदेचं लग्न, वास्तुशांत, गणपती विसर्जन आणि आबांच्या ट्रॅक्टरची पूजा — सगळं १ जानेवारी २००८ ला. काय दिवस होता तो! आई त्या एका दिवशी सात लुगडी नेसली.

नापसंत. ते बिचारं खोटं बोललं नाही, आम्हीच त्याला खोटं सांगितलं. पण मला आई लुगड्यावरून ओळखता येते, त्याला नाही.

७ जानेवारी, बुधवार

आईला फोन केला. मागं नुसता गलका. "कोण आलंय गं?" तर म्हणाली, "लोकं येत्यात भेटाय. ठेवू का? च्या ठेवायचाय."

भेटायला? इतकी माणसं? आमच्या गावात लोक आपणहून भेटायला कधी येतात ते मला माहीत आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

दुसरं स्थळ — शिवतेजच्या पसंतीचं. फोटो सगळे इंटरनेटवर चढवायचे, मग ते शोधून देतं. 'बैल' लिहिलं तर बैल, 'केक' लिहिलं तर केक. हुशार! पण चढवता चढवता तीन दिवस गेले आणि चढले किती, तर पसाभर. पुढं म्हणे जागा संपली की दरमहा पैसे.

हे म्हणाले, "आपले फोटो दुसऱ्याच्या घरात ठेवायचे आणि वर भाडं आपणच द्यायचं?" वर्षातून एकदा बरोबर बोलतात. यंदाचं जानेवारीतच बोलून झालं.

नापसंत. श्रीमंताघरचं स्थळ, आपल्याला झेपायचं नाही.

११ जानेवारी, रविवार

अमृत बेदाण्याच्या सौद्याला सांगलीला आला होता, चहाला थांबला. मी सहज विचारलं, आईची तब्येत कशी आहे?

"काकी? ठणठणीत हाय की. काल तालुक्यासनं यायला उशीर झाला, तरी घरी येऊन —" आणि जीभ चावली.

"तालुक्याला कशाला गेली होती?"

"आक्का, मला इचारू नगंस. काकीनं शपथ घातलीया."

"दवाखान्यात नेलं होतंस का तिला?"

गरम चहा एका घोटात प्याला आणि चप्पल उलटी घालून पळाला. चांगल्या बातमीची शपथ कोण घालतं? मला फार भीती वाटतेय. लिहून टाकलं, म्हणजे जरा सुटेल.

१२ जानेवारी, सोमवार

मागची खोली रिकामी केली. रंग फिका पिवळा सांगितला. आईला उठबस जमायची नाही म्हणून संडासात कमोड बसवून घ्यायचं ठरवलं.

यांनी एक अक्षर विचारलं नाही. संध्याकाळी कामावरून येताना स्वतःच प्लंबर घेऊन आले. या माणसाला मी उगीच बोलते.

१३ जानेवारी, मंगळवार

तिसरं स्थळ! फुकट. आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं, घरजावई. आणि मुख्य म्हणजे माणसांचे चेहरे ओळखून एकेकाचा ढीग लावतं.

सकाळी चालू करून शाळेत गेले. येऊन बघते तर — डोक्यावर पदर घेतलेल्या सगळ्या बायका एकाच ढिगात! आई, दोन चुलत्या, शेजारची शकिलाभाभी, आणि यात्रेतला देवीचा मुखवटा. खाली प्रश्न: हे कोण? नाव द्या.

आमच्या यांचे ढीग दोन. मिशीवाले हे आणि मिशी काढलेले हे, दोन वेगळे पुरुष. मला विचाराल तर त्याचं काही चुकलेलं नाही.

पण शिकतं हं हे! आपण 'हो', 'नाही' म्हणत गेलो की सुधारतं. तांदूळ निवडल्यासारखं बसले. ही आई. ही नाही. ही आई. ही देवी. ही आई.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत, हळदीकुंकवाच्या बायका आल्या-गेल्या. आज परत आईच्या ढिगापाशी बसले. तो आता चोख झालाय.

एक गोष्ट एवढ्या वर्षांत कधी लक्षात आली नव्हती. एकाही फोटोत आई बसलेली नाही! लग्नाच्या पंगतीत वाढतेय, बारशात पाळण्याची दोरी बांधतेय, दुसऱ्याच्या लेकराला काखेत घेऊन कुणाला तरी वाट दाखवतेय. माझ्याच लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे खुर्च्यांवर, आणि आई कडेला, हातात तांब्या.

दुष्काळाच्या सालातला एक सापडला. शिवतेजनं सुट्टीत काढलेला. गावात टँकर आलाय, बॅरल रांगेत, आणि आई टँकरवाल्यासमोर बोट रोखून उभी. पाणी अर्ध्या गावाला देऊन निघाला होता तो. ड्रायव्हर दोन पावलं मागं सरकलाय. मी एकटीच मोठ्यानं हसले.

आणि मग — हवा होता तो! कॅनॉलला पहिलं पाणी आलं त्या दिवशीचा. बायका ओटी भरायला काठावर जमलेल्या. आई मधोमध. पदर डोक्यावर, हात जोडलेले, नजर सरळ समोर, आणि ओठांत हसू मावत नाहीये. मोठा केला. अजून मोठा केला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मोजता येतात. फुटत नाही!

स्थळ पसंत. हेच सॉफ्टवेअर ठेवणार.

मग रडू आलं. चांगला फोटो सापडला म्हणून कुणी रडतं का? मी रडले.

१७ जानेवारी, शनिवार

दोन्ही फोटो आईला पाठवले. टँकरचा उगीच, हसू यावं म्हणून. लगेच फोन.

"ह्यो हात जोडल्याला लय झ्याक हाय. आन् त्यो टँकरचाबी असू दे. मोठा किती व्हईल?"

"हवा तेवढा."

"माणसावढा?"

इतका मोठा फोटो लावायला गावाकडच्या घरात भिंत तरी आहे का? पण मी वाद घातला नाही. म्हटलं, "आई, मागची खोली तयार केलीये तुझ्यासाठी. इथं डॉक्टर चांगले आहेत. आता ये."

तिकडं कुणाला तरी "आले, थांबा" म्हणून ओरडली. मग म्हणाली, "डाक्टर कशाला मला? येते की. हातातलं एवढं एक काम सरू दे. मग निवांत बोलू."

एवढं एक काम! कुठलं काम, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

खोलीत पलंग टाकला. उशा दोन. तिला उशाला उंच लागतं.

२१ जानेवारी, बुधवार

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसतो. ते सॉफ्टवेअर एकामागून एक फोटो आपोआप दाखवत जातं. हे दर फोटोला "हे कुठलं?" विचारतात, आणि मी सांगते. हे बरं चाललंय. भीती गेलेली नाही, पण तिच्याशेजारी बसता येतंय आता.

आबांचा ढीग फार लहान. पण त्यात एक निघाला! कॅनॉलच्याच दिवशीचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, आणि चक्क दात दिसतायत. यांनी आजच कुपवाडहून फ्रेम करून आणला.

शनिवारी रजा टाकलीय. गावी जाते. आधी ठिपक्यांचे आबा उतरवायचे, मग आईसमोर बसून विचारायचं — काय झालंय तुला? खरं खरं सांग.

२४ जानेवारी, शनिवार

फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर आई. माणसापेक्षा मोठी! दहा फुटी फ्लेक्सवर, हात जोडलेली, कुठंही न फुटलेली. खाली — श्रीमती अंबूबाई भाऊसो जगदाळे, सरपंचपदाच्या उमेदवार. रस्त्यापलीकडं दुसरा फ्लेक्स, टँकरवाल्यावर बोट रोखलेली.

खरी आई घरी नव्हती. वरच्या आळीत बायका घेऊन प्रचाराला गेली होती. गाठलं तिथं. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "आधी सांगितलं असतं, तर खोलीत न्हेऊन बसवली असतीस मला."

मी तिथंच तिच्या गळ्यात पडून हसले, रडले, सगळं केलं. लोक बघत होते. आबांची फ्रेम अजून काखेतच होती.

मग विचारलं, खोलीचं काय करू आता?

"भाड्यानं दे," म्हणाली, आणि माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला.