दोन अर्ज, एक पिशवी

१ मे १९९६
आज निकाल वाटला. माझ्या चौथीच्या वर्गात दीपा पहिली. आमची सायली सहावी. दीपाला कंपासपेटी बक्षीस देताना मन मोठं ठेवलं. शिक्षकाला सगळी मुलं सारखीच. आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं आणि रोजनिशी लिहायची. फक्त खरं लिहायचं.

२ मे, सकाळी पावणेआठ
सुट्टी लागली आहे. पाचचं जूनपासून बघू.

रात्री. दुपारी छबूबाई आली होती, दीपाची आई. पाथर्डीच्या खासगी निवासी शाळेत गरिबाच्या पोरांना पाचवीपासून फी माफ असते, राहणं-जेवण फुकट, असं तिला कुणीतरी सांगितलंय. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जातात. दीपा आतापर्यंत आजीपाशी राहायची. म्हातारी संक्रांतीला वारली. आता पोरीला संगं न्यावं लागंल न् साळा सुटंल, म्हणाली. अर्ज तुमीच भरा गुरुजी, दुसऱ्या कुनावर माझा इस्वास न्हाई, म्हणाली. निर्धास्त राहा म्हणालो. ती गेल्यावर छान वाटलं.

६ मे
पाथर्डीला जाऊन अर्ज आणला. तिथले क्लार्क आप्पासाहेब म्हणाले, माफीच्या जागा थोड्याच असतात, मार्क बघतात. बोर्डावर फी लिहिली होती ती दोनदा वाचली. पण वर्ग काय, पटांगण काय! अर्ज दोन आणले. दुसरा का आणला, येताना एसटीत आठवेना.

९ मे
आठवलं. सायलीसाठी.

पुष्पावतीचं म्हणणं, पगारदार माणसाच्या मुलीला कुठे माफी मिळते का? ती माझी बायको आहे, पण तिला कागद वाचता येत नाही नीट. अर्जात 'पालकाचं नाव' असं आहे, 'वडिलांचं' नाही. एकत्र कुटुंबात खरा पालक आजोबाच. आणि माझ्या वडिलांच्या, दादांच्या नावावर कोरडवाहू तीन एकर, बाजरी. एक अक्षर खोटं नाही.

१३ मे
तलाठ्याने दादांच्या उत्पन्नाचा दाखला लगेच दिला, वर चहा पाजला. दाखल्यावरचा आकडा वाचून दादा भडकले. पाच वरसं सरपंच हुतो मी, म्हातारपनी मला भिकारी करतोस व्हय, म्हणाले. शिक्षणासाठी त्याग करावा लागतो हे दादांना समजत नाही.

२० मे
सायलीचा अर्ज दिला. दीपाचाही पिशवीत होता, पण ऐनवेळी पाहिलं तर अक्षर घाईत आलेलं. इतक्या हुशार मुलीचा अर्ज असा द्यायचा? पुन्हा लिहीन. मुदत १० जून. भरपूर वेळ आहे.

२९ मे
लिहिला. फार देखणा झाला आहे. छबूबाईने तिचा दाखला आणून दिला. तलाठ्याने तिला चार चकरा मारायला लावल्या. या व्यवस्थेविरुद्ध कुणीतरी बोललं पाहिजे. पित्त वाढलंय.

४ जून
हल्ली ओढ्याच्या वाटेने जातो. छबूबाईचं घर लागत नाही हा योगायोग. चालणं जास्त होतं, पित्ताला बरं.

८ जून
बाजारात छबूबाईने गाठलंच. दिला का अर्ज, विचारलं. सगळं मार्गी लागलंय म्हणालो. यात खोटं काही नाही, अर्ज लिहून तयार आहे. तिने ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या, नेमक्या अर्जावर. घरी येऊन मला खाववल्या नाहीत. सायलीने खाल्ल्या. सोमवारी नक्की जायचं.

१० जून, सोमवार
नऊची एसटी खच्चून भरलेली. सोडली. साडेदहाची तशीच. बाराची आलीच नाही.

आली होती. मी चहा पीत बसलो होतो. खरं लिहायचं ठरलंय.

जागा थोड्या. दीपा पहिली, सायली सहावी. हे वाक्य उद्या खोडायचं.

११ जून
खोडलं नाही. पण शांतपणे विचार केला. दीपा हुशार आहे, ती कुठेही शिकेल. सायलीला चांगल्या शाळेची जास्त गरज आहे. माफी गरजूलाच मिळायला हवी. बरं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही.

२४ जून
सायलीची निवड झाली! पूर्ण फी माफ. पेढे आणले. दादांनी घेतला नाही.

छबूबाईला जाऊन सांगितलं की यंदा लई अर्ज होते. तुमी तरी काय करनार गुरुजी, म्हणाली. रडली असती तर मला समजूत तरी घालता आली असती. दीपाने आपली कंपासपेटी आणून सायलीसाठी माझ्या हातात दिली. मोठ्या शाळेत लागंल तिला, म्हणाली. नको म्हणायला हवं होतं. पुढच्या वर्षी दीपाचा अर्ज सर्वांत आधी.

२२ ऑक्टोबर
बरेच दिवस लिहायला जमलं नाही. शाळेची कामं.

आज सायलीला भेटायला पाथर्डीला गेलो. तिने वसतिगृह दाखवलं. तिच्या शेजारची खाट रिकामी, तिच्यावर ही दप्तर ठेवते. आप्पासाहेबांना सहज विचारलं. म्हणाले, माफीच्या जागा चार आणि अर्ज आले तीन. जून संपेपर्यंत वाट पाहिली. तुमच्या गावात कुणी गरजू नव्हतं का हो गुरुजी?

नव्हतं म्हणालो.

परत येताना बसायला जागा होती, उभा राहून आलो. मी फार वाईट केलं. उद्या सकाळीच छबूबाईकडे जाऊन सगळं सांगायचं. एकही शब्द गाळायचा नाही. वाक्यं ठरवली आहेत.

२३ ऑक्टोबर, सकाळी सात
पाचला उठलो.

गेलो तर दारात ट्रक. भांडी, कोयते, शेळीसुद्धा चढवून झालेली. मी तोंड उघडायच्या आत छबूबाई सगळ्यांना सांगू लागली, बघा, गुरुजी एवढ्या सकाळी पोरीला भेटायला आले. माझ्याकडे वळून म्हणाली, पुढल्या साली बी अर्ज तुमीच भरा.

बरं, म्हणालो.

पोरीला वर चढवायला हात लावा म्हणाली. लावला.