नारिंगी पांघरुणं

४ जानेवारी

ती. स्व. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

भावजींचा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. त्यांना इस्त्रीच्या टेबलाशीच बसव. फुशारक्या मारायला तेवढी जागा पुरते.

इथे प्रयोगशाळेत मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली नदीचं पाणी बघते. परवाचं पाणी तुमच्या गावाखालचं होतं. त्यात नारिंगी तंतू दिसले, केसाहून बारीक, अंगाची मुटकुळी करून निजलेले. मोजायचं विसरून मी नुसती बघत राहिले. मग रंग ओळखीचा वाटला. तुझ्या लाँड्रीत येणारी इस्पितळाची पांघरुणं याच रंगाची ना? सिंथेटिक कापड प्रत्येक धुण्यात असे प्लास्टिकचे तंतू सोडतं. ते कुजत नाहीत, मासे गिळतात. तुमचं पाणी कुठे जातं, ताई?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

रागावले तर खरीच. चौदा वर्षं मी त्या पांघरुणांचं कौतुक केलं, विटत नाहीत, तासाभरात वाळतात म्हणून. दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने मशीनच्या सांडपाण्याच्या पाइपाला मलमलीचं फडकं बांधलं. संध्याकाळी सोडलं तर आत ओंजळभर नारिंगी लव, पिलाच्या अंगावर असते तशी. तुझे भावजी म्हणाले, उशी भरू या. मला काही हसू आलं नाही.

ती लव इस्पितळाच्या मेट्रनबाईंना दाखवून लोकरीची पांघरुणं घ्या म्हटलं. त्यांनी विचारलं, वाळायला दोन दिवस लागतील, जमेल का? जमवते म्हणाले खरी. नाही जमलं तर इस्पितळाचं काम हातचं जाईल.

धाकधूक आहे. पत्रात हयगय करू नकोस.

तुझी ताई

१२ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मेट्रनबाईंनी आधी एका वॉर्डात लोकरीची दिली. थंड पाण्यात हातानेच धुते. बोटं बधिर होतात. गच्चीभर ओली पांघरुणं टांगली की आत वाट सापडत नाही. ऊन त्यांच्यातून गाळून येतं, मेंढ्यांचा वास येतो, आणि मी काम सोडून उगीच हिंडत राहते. काल तुझे भावजी आतच हरवले आणि मला हाका मारत बसले.

त्या वॉर्डातल्या एका आजोबांना कित्येक दिवस झोप नव्हती. लोकरीचं पांघरूण दिल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी मेट्रनबाईंना विचारलं, रात्रभर माझ्या अंगावर हात ठेवून कोण बसलं होतं? बाईंनी त्याच दिवशी बाकीच्या वॉर्डांची मागणी लिहिली, आणि गेल्या आठवड्यात तीही आली; मशीनमध्ये आता सुती चादरीच जातात.

जुनी नारिंगी फेकणार नाही. न धुता दारांच्या फटींना लावू. पाण्यात गेलेलं काही मला परत आणता येणार नाही, धाकटे. पण आज पाइपाचं फडकं सोडलं, तर ते नुसतंच ओलं होतं.

अशीच हक्काने कानउघाडणी करत जा.

तुझी ताई