घरगाडीचे शॉकअप

३० ऑगस्ट १९८१, रविवार

पेला सांडला. पुन्हा! भिसेगावातून निघालो, पळसदरीही आली नव्हती, तेवढ्यात उशाच्या फळीवरचा पाण्याचा पेला आडवा. अर्धं पाणी जानकीच्या तोंडावर.

"लागलं का गं?"

"नाय."

"धक्का बसला ना पण?"

"नाय म्हणते ना. गाडी हाका तुमी."

ओठ पांढरे पडले होते. ही बाई मेली तरी लागलं म्हणायची नाही. वर मलाच सांगते, "नका एवढं जिवाला लावून घेऊ." मणका तिचा मोडलाय आणि समजूत माझी काढते!

दसरा आठ ऑक्टोबरला. एकोणचाळीस दिवस उरले. नागपूर आठशे किलोमीटर. रेल्वेच्या बाकावर तिला बसवत नाही, अर्ध्या तासात पाय बधिर होतात. आडवंच न्यायला हवं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. पाववाल्याची जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला, स्टोव्हला कप्पा केला, पाण्याची टाकी बसवली, खिडकीला पडदा लावला. निळ्या रंगाचे दोन हात दिले तरी बाजूला 'ताजा पाव' वाचता येतंच. गल्लीतली पोरं तिला घरगाडी म्हणतात. सगळं जमलं. धक्का तेवढा जात नाही.

१ सप्टेंबर

ठकूअक्का पोशीरहून आली होती. जानकीची थोरली बहीण. गाडीत चढून सगळं चाचपून बघितलं, गादी दाबली, स्टोव्हचा कप्पा उघडला-लावला. मग खाली उतरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "श्रीपतराव, बायकोसाठी एवढं करनारा मानूस मी नाय बघितला. आमच्या जानकीनं नशीब काढलं!"

मी पान्हा घेऊन गाडीखाली शिरलो. काही काम नव्हतं तिथं. ती जाईपर्यंत तसाच पडून राहिलो.

३ सप्टेंबर, गुरुवार

खालापूरला शब्बीरच्या गॅरेजात. पोरगा हुशार, तोंडानं फाटका. गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी वर, खाली, वर, खाली — चारदा डोलली.

"काका, शॉकअप मेलेत. दीड वेळा डोलून गप बसली पाहिजे. ही तर नाचतेय!"

"मग नवे टाक."

"कुठले टाकू? जीपचे आहेत, एकदम कडक. मोटारीचे आहेत, मऊ. नाहीतर हेच खोलून तेल बदलून देतो. झोपणाऱ्याला वेगळे लागतात, चालवणाऱ्याला वेगळे. आणि ही गाडी तर पावाची. पावाला कुठं कंबर असते?"

हसला. मीही हसलो. मग म्हणाला, "पण एक सांगतो काका. शॉकअप धक्का थांबवत नाय. धक्का खातात ते चाकावरचे स्प्रिंगचे पाटे. धक्का बसून गेल्यावर गाडी नाचू नये, एवढंच शॉकअपचं काम. बसायचा तो बसतोच."

हे त्यानं मला शिकवायचं! भिवपुरीच्या पॉवरहाऊसला तीस वर्षं टर्बाइनवर काढली मी. चालू मशीनच्या बेअरिंगवर चार आण्याचं नाणं उभं करायचं. पडलं नाही तर मशीन ठणठणीत. त्यावरूनच मला पेल्याची कल्पना सुचली. म्हटलं, जीपचे टाक. कडक म्हणजे मजबूत.

५ सप्टेंबर, शनिवार

पेला सांडला नाही! खालापूर फाट्यापासून कर्जतपर्यंत एक थेंब नाही. मी गाडी चालवता चालवता चक्क शीळ घालत होतो. म्हातारा झालो तरी अक्कल नाही.

फाटकाचे रूळ आले. मागून आवाज आला. किंचाळली नाही — किंचाळली असती तर बरं झालं असतं. पोटातून हुंकार यावा तसा आवाज. गाडी थांबवून मागं गेलो. पेला फळीवर तसाच, काठोकाठ. आणि जानकीच्या डोळ्यांतून पाणी.

"पेला तर उभाय," मी म्हणालो. हे बोललो मी! बायको रडतेय आणि मी तिला पेला दाखवतोय.

ती म्हणाली, "तुमचा पेला बरोबरच असंल. माझंच काहीतरी असंल."

६ सप्टेंबर, रविवार

विहारात वंदनेला गेलो. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं मोठ्यानं म्हटलं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही ते. घसा खाकरला. खोकलो. गेलं वर्षभर चौथ्याला मला बरोबर खोकला येतो.

७ सप्टेंबर

पॉवरहाऊसला लॉगबुकात शेवटचा रकाना असायचा — कारण. मशीन बंद पडली की वेळ लिहायची, किती वेळ बंद ते लिहायचं आणि कारण लिहायचं. माझ्या हातून चूक झाली तर मी माझंच नाव लिहायचो. साहेब म्हणायचे, श्रीपतच्या कारणावर डोळे मिटून सही करावी.

तर आज लिहितो. या वहीत तरी.

२८ जून १९८०. मी आणि जानकी, स्कूटरवरून, भिवपुरीहून घरी. कारण — आजवर सगळ्यांना सांगितलेलं: खड्ड्यात पाणी भरलं होतं, दिसला नाही.

खोटं. साफ खोटं! त्या रस्त्यावर मी तीस वर्षं सायकल मारली. तिथला एकूण एक खड्डा मला पाठ. दिसला होता. चांगला लांबून दिसला होता.

ती मागं बसून बोलत होती. नागपूरचंच. छप्पन साली दीक्षेला तिचे आईबाप नागपूरला गेले, ठकूअक्काही गेली. आमची मुलगी दीड महिन्याची होती. मी म्हणालो, पुढच्या साली. मग दरसाल पुढच्या साली. कधी ड्यूटी, कधी ओव्हरटाइम. ऐंशीच्या मार्चला रिटायर झालो, आता काय कारण काढणार? तर एका ठेकेदाराकडे सहा महिन्यांचं काम धरलं, ऐन दसराही त्यातच. तिला न विचारता! ते तिला त्या दिवशी कळलं. स्टेशनपासून बोलत होती. "चोवीस वर्सं झाली. मी मेल्यावर नेनार का?"

खरं होतं म्हणून झोंबलं. समोर खड्डा. मनात आलं, एक दणका बसला की गप बसेल. हँडल वळवायला भरपूर जागा होती. मी वळवलं — खड्ड्याकडे.

एवढंच. दणकाच द्यायचा होता. पाडायचं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. पण शपथ घालणार कुणाला? स्कूटर खड्ड्यात घातली ती मीच. मागं वळून बघितलं तर सीट रिकामी.

आणि हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "तुमाला लागलं नाय ना?"

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज पलंगावर मी झोपलो. शब्बीरला म्हटलं, तू चालव. आजवर ही गाडी मी पुढच्या सीटवरूनच तपासली. तिच्या जागी आडवं होऊन बघावं, हे सुचायला मला आठवडा लागला. वर्ष लागलं म्हणा!

अरे देवा. (देव मानत नाही, तरी तोंडातून निघालं.) गाडीच्या शेपटाला बांधून फरफटवल्यासारखं वाटलं. गाढवपणा लगेच कळला. पेला तिच्या उशाशी, म्हणजे गाडीच्या मध्यावर. तिथं गाडी शांतच असते. तिची कंबर मात्र पार मागच्या चाकांच्याही पलीकडे! मी पेल्याचं पाणी सांभाळत बसलो आणि धक्के सगळे तिच्या मणक्याला.

परत येताना शब्बीरला म्हणालो, भिवपुरीकडून घे. तो खड्डा अजून आहे. मी पडल्या पडल्या ओरडलो, "त्यातून घे! वेगात!"

शब्बीरनं गाडीच थांबवली. "काका, खड्डा समोर दिसतोय ना. मुद्दाम कोण घालतं?"

मुद्दाम!

तो बाजूनं घेऊन गेला. साधा, दोन हात बाजूनं. केवढी जागा होती!

१२ सप्टेंबर

कालच्या धक्क्यांनी माझी कंबर धरली. बरं वाटलं. लाज नाही माझ्या मनाला.

१९ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर शब्बीरचं डोकं खाल्लं. जीपचे शॉकअप काढले. पुढं मध्यम कडक, मागं मोटारीचे मऊ. पहिल्यांदा मऊ फार झाले, वळणावर गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली आणि जानकीला उलटी झाली. मग खोलून जरा जाड तेल भरलं. पाट्यांतलं एकेक पान कमी केलं. टायरांतली हवा थोडी उतरवली. आणि पलंग उचलून पुढं, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध. स्टोव्ह गेला शेपटाला. स्टोव्हला कंबर नाही.

शब्बीरनं कोपरा दाबून सोडला. दीड वेळा. गप्प!

"काका, बस आता. याच्यावर फक्त विमान."

पेला ठेवलाच नाही या वेळी. जानकीला विचारलं. आणि दटावून विचारलं — नाय म्हणायचं नाही, खरं सांगायचं. खोपोलीपर्यंत नेलं, परत आणलं. फाटकाच्या रुळांवर जीव मुठीत धरून विचारलं, "काय?"

थांबवून मागं बघितलं. झोपली होती! तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.

फक्त एक. पलंगाच्या कडेला मी लोखंडी कांब वेल्ड केलीय, धरायला. ती तिनं झोपेतसुद्धा दोन्ही हातांनी आवळून धरली होती. बोटं पांढरी. हलवून म्हटलं, "अगं सोड की, गाडी उभीय."

डोळे न उघडता म्हणाली, "नाय सोडायची. आता कदी नाय सोडायची."



२७ सप्टेंबर, रविवार

विहारात सगळ्यांसमोर मला उभं केलं. फुलांचा हार! "श्रीपतभाऊंचा आदर्श घ्यावा," वगैरे. मालोजी मास्तर बोलत होते. टाळ्या. पुढच्या चटईवर जानकी आडवी, तीही टाळ्या वाजवतेय. हार मानेला कुसळासारखा टोचत होता. घरी येऊन तो तिच्या उशाशी ठेवला तर म्हणाली, "मला कशाला? तुमचा मान हाय."

सांगायचं ठरवलं. आत्ताच. तोंड उघडलं.

"काय ओ?"

"चहा ठेवू का?"

थू माझ्यावर.

३ ऑक्टोबर, शनिवार

उद्या सकाळी निघायचं. घाट, पुणे, नगर, मग पुढं. रोज दोनशे किलोमीटर, जास्त नाही. तांदूळ, रॉकेल, तिच्या गोळ्या, पांढरं लुगडं — बापानं छप्पन साली नागपूरहून आणलेलं, एकदाही नेसली नाही. तिथंच नेसायचं म्हणून ठेवलेलं.

ठकूअक्का निरोपाला आली. माझ्या पायाला हात लावायला वाकली, वयानं मोठी असून! मी एवढ्यानं मागं सरकलो की बादली लवंडली.

ठरवलंय. वाटेत सांगणार. गाडीत दोघंच असणार, कुठं पळणार मी?

४ ऑक्टोबर

खोपोलीला थांबलो. सांगितलं नाही. घाट चढून गेल्यावर सांगू म्हटलं. चढलो. नाही.

६ ऑक्टोबर

एकही धक्का नाही. खड्डा दिसला की मी बैलगाडीच्या चालीनं, कडेकडेनं नेतो. मागून ट्रकवाले शिव्या घालतात. घालू देत.

जानकी आज गाणं म्हणत होती. लग्नानंतर तिला गाताना मी चार वेळा ऐकलं असेल. कसं सांगू? कुठल्या तोंडानं?

८ ऑक्टोबर, दसरा. नागपूर

पोचलो. माणसांचा महासागर. तिला पांढरं लुगडं नेसवलं, तिथल्या दोघा स्वयंसेवक पोरांनी खुर्चीवरून आत न्यायला उचललं, तर म्हणाली, "थांबा. आत जायच्या आदी मला एक सांगायचं हाय."

पोरांना बाजूला केलं. माझा हात धरला. म्हणाली, "त्या दिशी स्कूटरवर मी तुमाला सोडलं होतं. दोनी हात सोडून बसले होते. रागानं. म्हटलं, ह्या मानसाला आता धरायचं नाय. धरून बसले असते तर पडलेच नसते. माझ्या हातानं झालं नि वरीसभर तुमी झिजताय. मला तोंड नाय वर करायला. माफ करा मला."

मग आत नेलं. पंचशील चालू होतं. चौथ्याला तिचा आवाज आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा खणखणीत. मी खोकलो.

बाहेर तिला मी काय म्हणालो ते लिहायचं राहिलं. म्हणालो, "जाऊ दे गं. झालं ते झालं. केलं माफ."

मी! तिला!