कामोलीकडे पाठ

१२ जाने. २०१४, रवि. बिशान, सिंगापूर
आज फोकाच्चा पाव जमला. इटलीतल्या कामोली गावच्यासारखा: जाड मीठ, ऑलिव्ह तेल, बस. नवरा म्हणाला, "एवढं करून शेवटी भाकरीच ना?" मेमध्ये लग्नाला वीस वर्षं. कामोलीला चार दिवस, दोघंच, हे श्रीकांतनेच कबूल केलंय. मी वेंगुर्ल्याची. दुसऱ्या कुणाचं तरी मासेखाऊ गाव एकदा बघायचंय, तिथे बसून जेवायचंय.

२ फेब्रु.
वाचतेय. पूर्वी अख्खं गाव शिडाच्या जहाजांवर. पुरुष महिनोन्‌महिने बाहेर, कारभार बायकांच्या हाती. उंच रंगीत घरं, म्हणे समुद्रावरून आपलं घर ओळखू यावं म्हणून. कितीतरी खिडक्या नुसत्याच भिंतीवर रंगवलेल्या. माणसं फटकळ, हिशेबी. आता छत्र्या नि आइस्क्रीमवाले. अँचोव्ही लिंबात, तेलात मुरवून खातात. म्हणजे जवळजवळ आपली मांदेलीच की!

९ मार्च
श्री.ने बुकिंग केलं. मला न विचारता. पुण्याची टूर कंपनी, सोबत दीर-जाऊ. स्वयंपाकाला महाराज बरोबर, शुद्ध शाकाहारी.
"आणि कामोली?"
"बोटीतून दिसतं ना! जेवणाची कटकट नाही. आणखी काय हवं?"
नोकरी सोडून याच्यामागे सिंगापूरला आले तेव्हापासून हेच ऐकतेय. आणखी काय हवं.

२५ मे, रवि.
परत आलो. लिहायचं नव्हतं.
बोट कामोलीजवळ आली आणि नेमके तेव्हाच महाराजांनी डबे उघडले. पुरी-भाजी. दीर म्हणाले, "वहिनी, जरा वाढता का? गरम आहे तोवर." बोट हलतेय, ताटल्या कागदी. वाढत गेले. कुणाला लोणचं, कुणाला आणखी एक पुरी. मान वर केली तर नुसता डोंगर.
"गाव?"
"गेलं की मघाशीच. छान होतं हो," जाऊबाई. तोंडात घास.
पातेलं समुद्रात फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. विसळून ठेवलं.

१ जून
रेवाला सांगितलं. सोळा वर्षांची माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आयया आई, नेक्स्ट टाइम गो अलोन लाह!" हिला सगळंच सोपं. मी रागावले तिच्यावर. दिवसभर तेच डोक्यात मात्र. अलोन.

८ जून, रवि.
श्री.ने फोटो मोठा करून, फ्रेम करून आणलाय. बोटीवर मी, खाली मान, हातात भाजीचा डाव. मागे सगळं कामोली. पिवळं, गुलाबी, रंगवलेल्या खिडक्यांसकट.
"बघ, आणलं की नाही तुझं गाव घरात?"
चेष्टा नव्हती. खरंच खूश होता. तेच सहन होत नाही.
ड्रिल घेऊन हॉलमध्ये उभा आहे. "अगं, कुठे लावू? सांग ना."
मी आत बसून आधी हे लिहून घेतेय.