तिसरीत बसत नाही

शनिवार

रोजनिशी लिहायची म्हणून वही घेतली आणि आल्या दिवसापासून आज-उद्या करत राहिले. आधी पेन सापडेना. सापडलं, तर खिडकीत मांजर येऊन बसलं. असो. ही नोकरी टिकवणार असं ताईला सांगितलंय. ती हसली नाही, नुसतं बघू म्हणाली. ते जास्त लागलं.

घर मस्त आहे. जिना करकरतो, पण उजेड भरपूर. मालकांना सगळे काकाच म्हणतात. ते एक फुकटचा प्रोग्रॅम सांभाळतात. ज्यांना दिसत नाही त्यांना तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. कोड सगळ्यांना खुला, कुठूनही कुणीही भर घालतं. पण लोकांच्या ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळ्या. म्हणून वर ओळीने तीन खोल्या, तीन कॉम्प्युटर, प्रत्येकावर वेगळी सिस्टीम. टेबल, खुर्ची, चहाचा कप मात्र तिन्हीकडे हुबेहूब. आलेली प्रत्येक नवी सोय मी तिन्हीकडे चालवून बघायची.

काकांचा नियम एकच. तिन्हीकडे सारखं, नाहीतर कुठेच नाही. तिसरीत बसलं नाही तर चालू असलेल्या दोन्हींतूनही काढायचं. मी म्हटलं, म्हणजे धाकट्याला ताप आला म्हणून सगळ्यांचंच आइस्क्रीम बंद. काका म्हणाले, पोरगी हुशार आहे.

आणि फोनवर ते आधी ताईशीच बोलले, ती मीच समजून. आमचे आवाज इतके सारखे की आईसुद्धा फसते.

मंगळवार

तिसरी खोली भारी नखरेल. दोन्हीकडे निमूट चालणारं तिथे रुसून बसतं. मग काका तिथला कोड वेगळाच लिहितात. आतून काहीही असो, म्हणतात, वापरणाऱ्याला सारखं वाटलं की झालं.

आज त्यांनी माझा आवाज घेतला, प्रोग्रॅममध्ये घालायला. पानंच्या पानं वाचून घसा बसला. पहिलीत छान लागला, दुसरीतही. तिसरीत शुकशुकाट.

एक गंमत. माझा निळा स्वेटर मी पहिलीतल्या खुर्चीवर टाकला होता, कोपर विरलेला. दुसरीत गेले तर तिथेही तसाच, तेच कोपर विरलेलं. काकांना थट्टेची हौस दिसते. पण विरलेलं कोपर कुठून आणलं?

तिसरीत स्वेटर नव्हता.

गुरुवार

दोन्ही स्वेटर गायब. काकांना विचारलं तर मानही वर न करता म्हणाले, तिसरीत बसला नाही ना. मग कुठला स्वेटर, असं मलाच विचारलं. थट्टा करणाऱ्याचा चेहरा असा नसतो.

कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेले. बेकरीवाली बोलकी. माझ्याआधी इथे एक दाढीवाला होता म्हणे. जुळे भाऊ असावेत, कारण एक ब्रेड घेऊन गेला की थोड्या वेळाने दुसरा यायचा, तोच शर्ट, तीच सुट्ट्या पैशांची कटकट. मग एक दिवस दोघंही यायचे बंद झाले. तिने काकांकडे चौकशी केली, तर काका म्हणाले, कोण दाढीवाला?

पाव बांधता बांधता ती हसली. अगं, सकाळी नेलास की एक, म्हणाली.

मी सकाळी बाहेर पडलेच नव्हते.

शनिवार

दुसरीतली खुर्ची गरम असते. मी खोकले की भिंतीपलीकडे खोकला. आधी नाही, नंतर नाही, बरोबरच.

आज दार ढकललं. ती पाठमोरी बसली होती. वेणी माझी. वहीत काहीतरी लिहीत होती. मी थांबले तशी तीही थांबली.

तिसरीत कुणी नाही. धावत जाऊन पाहिलं. कुणीच नाही.

रविवार

काका म्हणतात उद्या नवी आवृत्ती बाहेर पडणार. संध्याकाळपर्यंत तिसरीत जे बसणार नाही ते सगळं काढणार. हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. पण —

पळाले. बसस्टँडवर ती आधीच बाकावर, माझीच पिशवी मांडीवर घेऊन. कुठेही गेले तरी आम्ही दोनच. काढायचं तर दोन्हीकडून निघणार.

परत आले. तिसरीत स्वतः जाऊन बसले. दुसरीत ती होतीच, पण पहिली रिकामी झाली. हे म्हणजे आखूड पांघरूण — डोकं झाकलं की पाय उघडे.

सोमवार

पुन्हा पहिलीत येऊन बसलेय. ताईला फोन लावते, लागत नाही. कुणाशी तरी बोलतेय सारखी.

दुपार

हाताची नखं पुसट. पेन धरलंय ते दिसतं, धरणारी बोटं —

भिंतीपलीकडून माझा आवाज येतोय. मी तोंड मिटून बसलेय तरी. पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय बोलतेय. रडतेय. फोनवर कुणाला तरी लवकर ये म्हणतेय.

संध्याकाळ

खाली घंटा. ताई आलीय.

मी बोलावलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी ती काकांना सांगतेय, धाकटीचा फोन आला, रडवेली होती, म्हणून पहिली गाडी पकडली. काका म्हणाले, किती सारखा आवाज गं तुमचा. आतून वेगळं असलं म्हणून काय झालं. ये, वर बस.

नखं परत दिसायला लागलीत. पाचही बोटं. किती बरं —

नाही. जिना करकरतोय. ताई. हाक मारायला हवी. मारली तर मी —

पहिलीवरून गेली. दुसरीवरून. तिसरीचं दार काका उघडून धरत आहेत, मी उठते, ताई, तिथे बसू न