नाताळातले कोंबडी-वडे

टोरंटो, २७ डिसेंबर

लाडक्या विमलास, ताईची मिठी आणि आशीर्वाद.

इंग्रजीच्या पुस्तकातलं नाताळच्या जेवणाचं चित्र बघून तू भर वर्गात विचारलं होतंस, "सिस्टर, ह्यांनी मोर कित्याक भाजलो?" सिस्टर आग्नेस डोळे पुसत हसल्या होत्या. "मोर नाय गो, टर्की ती. आमच्याकडे नाताळाक कोंबडीच!"

मी बरी आहे, थंडी सोसते. पण संताप अजून उतरलेला नाही. टर्की कोरडी होते, म्हणून यंदा आमच्या हॅनाने, केयूरच्या बायकोने, मला कोंबडी-वडे करायला सांगितले. पाहुणे आले तेव्हा मी वाटपाचं खोबरं भाजत होते. तेवढ्यात छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा वाजली. केयूरने खिडक्या उघडल्या, सगळ्यांची माफी मागितली. रस्सा झाल्यावर पातेलं उचलून गॅरेजमध्ये नेलं. म्हणे, "आई, वास कपड्यांना लागतो."

"ह्याच वासाक तू शाळेतसून धावत येय होतंस!" मी ओरडलेच.

नाताळच्या दिवशी पाहुण्यांनी विकतचा पिझ्झा खाल्ला. हॅना मात्र कोट घालून गॅरेजमध्ये माझ्याजवळ बसली आणि पाच वडे जेवली.

तुझा गुडघा कसा आहे?

मे महिन्यात मसाला कुटशील तेव्हा केयूरच्या वाट्याची बरणी हॅनाच्या नावाने पाठव. वड्यांचं पीठही तिलाच. माझ्या वाट्यातला अर्धा मसाला सावंतवाडीला सिस्टरना दे, त्यांना तिखट झेपत असेल तर. केयूरला काहीएक पाठवू नकोस.

कुळथाचं पीठ तेवढं पाठव. सर्दी झाली की त्याला त्याच्या गरम पिठीशिवाय काही गोड लागत नाही.

तुझी,
शालनताई