कॅसेटवरचं नाव

पुणे, १९ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसती आरडाओरड होते आणि मोबाइलवरचं वाचायचं म्हटलं की तुझा चष्मा सापडत नाही. म्हणून हे पत्र. नानांनी मधेच फोडून वाचलं असेल तर त्यांनाही नमस्कार.

बातमी अशी की तुझं गाणं इथं गल्लोगल्ली वाजतंय. ‘परडीत माझ्या पीठ न्हाय बाई, लेकरू निजलंय गं.’ एका सिनेमात मोठ्या गायिकेनं म्हटलंय आणि परवा विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरं त्यावर नाचत होती. नीलाआई गेली आणि तू काकूची माझी आई झालीस, तेव्हा मला झोपवताना म्हणायचीस तेच, फक्त चौपट वेगात. आणि गाण्याखाली लिहिलंय काय, तर ‘पारंपरिक’! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जन्मले त्या वर्षी तुमच्या आराधी मेळ्याची कॅसेट निघाली होती ना? मी गाण्याच्या कंपनीला लिहिलं. ते म्हणतात, मूळ कॅसेट आणि गाणारीचा सहीचा जबाब नोव्हेंबरअखेर पाठवा, नाव घालू. तेव्हा कॅसेट शोध आणि ताबडतोब धाड.

औषधाच्या दुकानातली नोकरी बरी चालली आहे. लोभ आहेच, त्यात थोडी घाईही असू दे.

तुझी हर्षाली


बेंबळी, २६ सप्टेंबर २०२४

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नानांनी फोडलं नाही, नुसतं उजेडाला धरून बघितलं. सोयाबीन काढणीला आलंय आणि माणसं मिळेनात, त्यामुळं त्यांचा पारा चढलेला आहे. तू वेळेवर जेवत नाहीस हे अक्षरावरूनच कळतं.

गाण्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. गाणं देवीचं. आम्ही परडी घेऊन दारोदार जोगवा मागितला तेव्हा कुणी नाव विचारलं नाही, आता विचारून काय करायचं? कॅसेट उंदरांनी खाल्ली असेल. मी कशावरही सही करायची नाही. यावर पुन्हा लिहू नकोस, दुसरं काहीही लिही.

माझ्यावर आहे तो जीव तसाच असू दे.

तुझी आई


पुणे, १४ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा लिहिते आहे. नवरात्रात तुळजापूरला आले होते आणि बेंबळीला न येताच परत गेले, कारण रागात होते. कॅसेटी विकणारे कल्याणप्पा आता हळदकुंकू विकतात. त्यांच्या माळ्यावर कॅसेट नव्हती, पण रिकामं कव्हर सापडलं. ‘गायिका कस्तुराबाई आणि आराधी मेळा, बेंबळी’ असं ठळक छापलंय. त्यांनी सांगितलं, की त्या साली ही कॅसेट लई चालली, पण बाईनं हे गाणं पुन्हा कधी मेळ्यात म्हटलं न्हाय. का गं?

तुझे कान गेले म्हणून गाणंही गेलं, असं तू ठरवून बसली आहेस. उद्या लोक म्हणतील ते सिनेमातच जन्मलं. मी तुझ्या नावानं जबाब लिहून ठेवला आहे, फक्त सही कर. एवढी कुणाला भितेस? उत्तर दे. लोभाचं नंतर बघू.

हर्षाली


बेंबळी, २१ ऑक्टोबर २०२४

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

चि. हर्षालीस आशीर्वाद.

सोबत कॅसेट आहे. उंदरांवर उगाच आळ घेतला. ती माझ्या लुगड्यांखाली होती, आणि कान धड होते तेव्हाही मी ती एकदासुद्धा लावली नाही.

त्यातला आवाज माझा नाही. नीलाचा आहे. गाणंही तिनंच बांधलं, तू पोटात असताना. सोलापूरचा माणूस रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन एका दिवसापुरता आला होता, घटस्थापनेच्या आत कॅसेट तुळजापुरात जायला हवी होती आणि नेमका त्याच सकाळी माझा घसा पार बसला. नीला सतरा दिवसांची बाळंतीण. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं देवीच्या परडीजवळ बसायचं नाही, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. ती नको म्हणत होती. मी तिला बसवली, कवड्यांची माळ मीच तिच्या गळ्यात घातली. बाहेर कळलं असतं तर आमच्या मेळ्याला कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून सगळ्या बायकांनी शपथ घेतली आणि कव्हरवर माझं नाव छापलं. मशीनवाल्यानं विकायची कॅसेट उतरवून घेतली आणि कच्ची आमच्याकडंच ठेवली, ती ही.

पौषात नीला काविळीनं गेली. पुढं अंबादासभाऊजींनी, तुझ्या वडिलांनी, दुसरा संसार मांडला आणि तू माझ्या नि नानांच्या पदरात आलीस. देवीनं तिला माझ्यापायी नेलं, असंच मी धरून चालले. कान गेले तेव्हा वाटलं, आता माझी पाळी.

आणखी एक आहे, तेही लिहूनच टाकते. शपथ हे निमित्त. तू मला आई म्हणायला लागलीस आणि मला भीती पडली, की हा आवाज ऐकलास तर तू त्याच्याच मागं जाशील. म्हणून लपवली. फार लाज वाटते.

शिव्या घाल, पण पत्र घाल.

तुझी आई


पुणे, २८ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

भंगारवाल्याकडून टेपरेकॉर्डर आणला आणि ऐकली. तुला ऐकू येणार नाही, म्हणून लिहून सांगते. गाण्याआधीचं बोलणं त्यात आहे. नीलाआई तुला अक्का म्हणते. ती दोनदा नको म्हणते, आणि तू बसक्या आवाजात दटावतेस की मशीनवाला थांबणार न्हाय, बस खाली. मग ती तुला पोरीला नीट धरायला सांगते आणि गायला लागते. आवाज बारीक आहे, पण कुठंही हलत नाही. मधेच मी रडते. ती गाणं न तोडता निजल्या लेकराची ओळ पुन्हा घेते आणि मी गप्प होते. सिनेमातल्या बाईंनीही ती ओळ बरोब्बर तिथंच दोनदा म्हटली आहे. त्यांना कुणीतरी हिचीच विकलेली प्रत ऐकवली असणार.

नीलाआई काविळीनं गेली, देवीच्या रागानं नाही. तो दोष तुझा नाही. पण अठ्ठावीस वर्षं मला तिचा आवाज दिला नाहीस, हा तुझाच. मला अजून राग आहे. दिवाळीला येत नाही.

आवाज नीलाआईचा असं कळवलं, तर कंपनीला आता तिच्या वारसाचा कागद हवा आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडं आईचं नाव कस्तुराबाई, तूच घातलेलं. खरं सांगायला बाबाही आता नाहीत. म्हणजे गाण्यावर नीलाआईचं नाव यायचं तर तुलाच लिहून द्यावं लागेल, की आवाज तुझा नाही आणि मी तुझी मुलगी नाही. मसुदा सोबत आहे. मी जोर करणार नाही.

नानांना औषधाची आठवण करत जा.

हर्षाली


बेंबळी, ६ नोव्हेंबर २०२४

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीच्या करंज्या नानांनी कुणाला खाऊ दिल्या नाहीत, शेवटी त्यांना मुंग्या लागल्या.

तू रडलीस आणि तिनं ओळ पुन्हा घेतली, हे मी पार विसरले होते. तू तेव्हा माझ्या मांडीवर होतीस, मीच थोपटत होते.

काल धाराशिवला जाऊन कागद पक्का केला. वकिलाचा कारकून मोठ्यानं वाचत होता, मला काही कळेना, तेव्हा त्यानं एकेका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. गाणं आणि आवाज नीलाचा, तिथं सही केली, हात अडला नाही. खाली ‘हर्षाली ही माझी मुलगी नाही’ असं होतं. तिथं मी पाणी मागितलं. नानांनी हातानंच खुणावलं, नको करू, घरी चल. मग मी सही केली. माझं नाव एकदा तिच्या नावावर बसलंय, पुन्हा आडवं यायला नको.

कागद सोबत आहे. तुझं पुढचं पत्र येईल तेव्हा वर काय लिहिलंस, तेवढं मी आधी बघणार आहे. काकू लिहिलंस तरी पत्र जपून ठेवीन.

लोभ करावास असं कोणत्या तोंडानं लिहू? तरी लिहिते.

कस्तुराबाई